काहील उतरवा

माझ्या वडिलांच्या केसपेपरवर एका रात्री तीन गोष्टी नोंदल्या गेल्या: रुग्ण असंबद्ध बोलतो, हिंसक झाला आहे, उपचारांना सहकार्य करीत नाही. नोंद अर्थातच इंग्रजीत होती आणि घाईच्या अक्षरात होती. ती लिहिणाऱ्यावर माझा राग नाही, कारण त्या क्षणी पेन माझ्या हातात दिले असते तर मीही हेच लिहिले असते, कदाचित जास्त कडक शब्दांत. ज्या माणसाने जन्मात कधी पोरांवर हात उगारला नाही, त्याने त्या रात्री पाय झाडून आयाबाईंच्या हातातले भांडे उडवले होते, सलाईनची सुई उपसून काढली होती आणि मला, स्वतःच्या लेकीला, परक्या बाईसारखे 'सरक बाजूला' म्हणून खेकसले होते.

आबा गुळव्या होते. कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांना हा शब्द कदाचित समजावून सांगावा लागेल. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, पडल्यापासून तो गूळ होऊन वाफ्यात ओतला जाईपर्यंत ज्याच्या शब्दावर सगळे चालते, तो गुळव्या. रसात चुना किती टाकायचा, भेंडीचे पाणी कधी घालायचे, वर आलेली मळी कधी काढायची, चुलवाणात चिपाडे सारणाऱ्या गड्याला जाळ कधी कमी करायला सांगायचे, हे सगळे तो ठरवतो. पाक तयार झाला की नाही हे तो थेंब थंड पाण्यात टाकून, त्याची गोळी बोटांत वळून ओळखतो आणि मग एकच आरोळी देतो: उतरवा. त्या आरोळीनंतर क्षणाचाही उशीर चालत नाही. उशीर झाला तर पाक करपतो, गुळाचा रंग जातो, आणि रंग गेला की बाजारात भाव जातो. भोगावतीकाठच्या आमच्या गावात आणि आसपासच्या पाचसहा गावांत आबांनी चाळीसएक हंगाम ही आरोळी दिली. घरी मात्र ते फार कमी बोलत.

वयाच्या ८१ व्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, परड्यातून घरात येताना उंबऱ्याला अडखळून ते पडले आणि खुब्याचे हाड मोडले. भाऊ पुण्यात असतो, मी कोल्हापुरात शाळेत शिकवते, त्यामुळे त्यांना शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात मीच आणले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि ती चांगली झाली. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवशी एक गंमतही झाली. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांना कोणीतरी सांगत होते की अतिदक्षता विभागात एका पेशंटला सीपीआर द्यावा लागला, तर त्या मावशी काळजीने विचारू लागल्या, "अवो, मग त्यास्नी हितनं तिकडं कशात घालून न्हेलं?" कोल्हापुरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, छातीवर दाब देऊन बंद पडलेले हृदय चालू करण्याच्या उपचारालाही तेच नाव आहे, हे इथल्या माणसाला एकदम सुचत नाही. त्या हसण्यात आबाही सामील झाले होते. दोनच दिवसांनी हा माणूस मला ओळखणार नाही, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर मला ते खरे वाटले नसते.

शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता लघवीची नळी काढली. संध्याकाळपासून आबा अस्वस्थ झाले. दिवे मंद झाल्यावर त्यांचे बोलणे सुटत गेले. कोण कुठे उभे आहे, कोणती वेळ आहे, आपण कुठे आहोत, यातले काहीच त्यांना उमगेना. ते गुऱ्हाळावर होते. "कुठं गेली समदी गडी? भरलीया काहील, भरलीया. उतू चाललीया. उतरा की रं!" हे आणि एवढेच, पुन्हा पुन्हा, आधी पुटपुटत आणि मग सगळा मजला जागा होईल एवढ्या आवाजात. उठून बसण्याचा प्रयत्न करताना ऑपरेशनचा पाय हलू नये म्हणून मी त्यांना दाबून धरले, तेव्हा त्यांनी मला ढकलले. मग पाळीवरच्या एका ब्रदरनी आणि वॉर्डातल्या मामांनी मिळून त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्ट्यांनी खाटेच्या कठड्याला बांधले. बांधू का, असे त्यांनी मला विचारले होते. मी 'बांधा' म्हटले होते.

रात्रपाळीच्या सिस्टर तेव्हा मजल्याच्या दुसऱ्या टोकाला, नुकत्याच शस्त्रक्रियेतून बाहेर आलेल्या एका मुलाजवळ होत्या. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. त्या आल्या तेव्हा सव्वादोन वाजले होते आणि रात्रीच्या डॉक्टरांनी फोनवरून शांत करणारे इंजेक्शन द्यायला सांगून झाले होते. सिरिंज ट्रेमध्ये तयार होती. मी सिस्टरांना अगदी अजिजीने म्हटले, "द्या हो लवकर, त्यांना झोपू दे. मला बघवत नाही." आज हे वाक्य लिहिताना त्यातले खरे मला दिसते. त्यांना झोप हवी होती की नव्हती हे मला ठाऊक नव्हते. मला ते शांत झालेले हवे होते.

सिस्टरांनी ट्रेला हात लावला नाही. त्या खाटेच्या डाव्या बाजूला, आबांच्या डोळ्यांसमोर येतील अशा वाकल्या आणि म्हणाल्या, "आबा, काय भरलंय?"

आबांनी परत तेच सांगितले. काहील. उतू चाललीया.

"कुठं भरलंय, दावा बघू हातानं."

पण हात बांधलेले होते. त्यांनी उजव्या हाताची पट्टी सोडली. मी घाबरून 'नको' म्हणाले, तरी सोडली. आबांचा हात मोकळा झाल्याबरोबर सलाईनकडे गेला नाही, कोणाला मारायलाही उठला नाही. तो घाईघाईने खाली गेला आणि ओटीपोटावर जाऊन थांबला.

नंतर मी याचा पुष्कळ विचार केला. काठोकाठ भरलेली काहील उतरवायला सांगणारा गुळव्या जगात नसेल. काहील भरलेली असते तेव्हा तिच्यात कच्चा रस असतो. तो फेसाळून वर येऊ लागला तर जाळ ओढतात, तेलाचा शिपका मारतात. उतरवायची वेळ येते तोवर रस आटून, घट्ट होऊन तळाला गेलेला असतो. चाळीस हंगाम पाहिलेला माणूस भानावर असता तर 'भरली' आणि 'उतरवा' हे दोन शब्द त्याने एका श्वासात कधीच उच्चारले नसते. म्हणजे त्या आरोळीत काहीतरी गुळाचे नव्हते. मी गुळव्याची मुलगी, लहानपणी वाफ्याच्या कडेला बसून गरम काकवी बोटाने चाटलेली, आणि चार तास ते ऐकूनही माझ्या हे लक्षात आले नाही. मी फक्त बडबड ऐकत होते.

सिस्टरांनी पांघरूण बाजूला करून नाभीखाली हात ठेवला, मग बोटाने ठोकून पाहिले. आयाबाईंना विचारले, "संध्याकाळपासून लघवी?" आयाबाई म्हणाल्या, झाली की, तीनदा डायपर ओला होता, तक्त्यावरही तशा तीन खुणा होत्या. सिस्टरांनी काढलेला शेवटचा डायपर बादलीतून उचलायला लावला आणि हातात तोलला. "हा हलका आहे," त्या म्हणाल्या. "ही लघवी झालेली नाही, ही सांडलेली आहे." घडा तुडुंब भरला की थोडे थोडे पाणी कडेवरून ओघळते, त्यावरून घडा रिकामा होतो आहे असे समजण्यासारखी ही चूक होती. म्हाताऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटची गाठ वाढलेली असते, शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक औषधे चालू असतात, माणूस झोपून असतो. अशा वेळी नळी काढल्यावर लघवी तुंबणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. साधारण ३०० ते ४०० मिलीलिटरला निरोगी माणसाला जोराची भावना होते. त्यापुढे जे होते ते सांगण्यासाठी शुद्ध असावी लागते, किंवा मग शुद्ध नसलेल्या माणसाचे बोलणे ऐकणारे कोणीतरी असावे लागते.

त्यांनी फोन उचलला. मी जवळच उभी होते, त्यामुळे त्या काय बोलल्या ते मला जवळजवळ शब्दशः आठवते. "सर, तुमची इंजेक्शनची ऑर्डर मिळाली. पेशंट ८१ वर्षांचे आहेत, खुब्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस, कॅथेटर सकाळी अकराला काढलाय. नीट लघवी अजून झालेली नाही, डायपर नुसते ओलसर आहेत. ओटीपोट ताठ लागतंय, दुखतंय. मला वाटतं युरिन तुंबलीय आणि त्यामुळेच ते असं करतायत. तुम्ही वर येऊन बघितल्याशिवाय मी इंजेक्शन देत नाही." पलीकडून काहीतरी त्रासिक उत्तर आले असावे, कारण त्या थोडे थांबल्या आणि त्याच सुरात म्हणाल्या, "हो सर, मी तसं नोट्समध्ये लिहिते. दोन वाजून बावीस मिनिटांनी कळवलं."

आवाज चढला नाही, विनवणीही नव्हती. अशा बोलण्याची एक रीतसर पद्धत असते हे मला खूप नंतर कळले. आत्ता काय घडते आहे, आधी काय झाले होते, मला काय वाटते, आणि तुम्ही काय करावे, या चार पायऱ्यांनी निरोप द्यायचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एसबार' म्हणतात आणि ती मूळची अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधली. जिथे खालच्या हुद्द्याच्या माणसाला वरच्याला स्पष्ट सांगणे जड जाते आणि न सांगितल्यास सगळे बुडू शकतात, तिथे ती जन्मली, हे मला समर्पक वाटते. रुग्णालयाची उतरंड पाणबुडीपेक्षा फार वेगळी नसते. 'मी देत नाही' हे तीन शब्द रात्री अडीच वाजता वरिष्ठाला ऐकवणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी त्याच वरिष्ठाबरोबर काम करायचे असते, हे आपण बाहेरची माणसे सहज विसरतो.

डॉक्टर आले. तरुण होते, डोळे तांबारलेले होते, आणि चेहऱ्यावर नाराजी होती ती नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी पोटाला हात लावला, क्षणभर काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "कॅथेटर सेट घ्या."

इथे सिस्टर माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबा." मी म्हटले, त्यांना कुठे काय कळते आहे, मी थांबते ना मदतीला. त्या पडदा ओढता ओढता म्हणाल्या, "आज कळत नाही. उद्या आठवलं तर लेकीसमोर झालं याचं त्यांना वाईट वाटंल."

मी बाहेरच्या बाकावर बसले. त्या रात्रीतल्या सगळ्या गोष्टींपैकी ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागली आहे. तुंबलेली लघवी ओळखणे हे ज्ञान आहे, डॉक्टरांना बोलावून घेणे हे धैर्य आहे, आणि दोन्हींबद्दल मला आदर आहे. परंतु जो माणूस त्या वेळी स्वतःपाशी हजरच नव्हता, त्याची लाज कोणीतरी त्याच्या वतीने सांभाळून ठेवावी, तो परत आल्यावर त्याला ती जशीच्या तशी मिळावी म्हणून, हे मला सुचले नव्हते. मी त्यांची मुलगी होते आणि त्यांच्या वतीने मी आतापर्यंत फक्त 'बांधा' आणि 'झोपवा' एवढेच बोलले होते.

पडद्याआडून पिशवीत धार पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आबांचा आवाज, अगदी हळू: "उतरली." पिशवीत ९०० मिलीलिटरहून जास्त लघवी जमा झाली. मी आत गेले तेव्हा दुसऱ्या हाताची पट्टीही सोडलेली होती आणि मनगटावर पडलेल्या लाल वळावर सिस्टर मलम लावत होत्या. इंजेक्शनची सिरिंज तशीच ट्रेमध्ये होती.

एवढ्याने सगळे जादूसारखे जागेवर आले असे मात्र नाही. वैद्यकात या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. वय झालेल्या माणसाला मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः खुब्याच्या, तो वरचेवर होतो. तो रात्री वाढतो, दिवसा ओसरतो, पुन्हा उसळतो. त्याच्यामागे जंतुसंसर्ग असू शकतो, दुखणे असू शकते, एखादे औषध असू शकते, बद्धकोष्ठ असू शकते, तुंबलेली लघवी असू शकते. हात बांधल्याने तो बहुधा वाढतोच, आणि झोपेच्या औषधाने मूळ कारण झाकले जाऊ शकते. पुढचे तीन दिवस आबा थोडे इकडे, थोडे तिकडे होते. सिस्टरांनी मला कामाला लावले. "ह्यांचा चष्मा कुठाय?" चष्मा माझ्या पर्समध्ये होता, हरवू नये म्हणून. "कानातलं मशीन?" ते ड्रॉवरमध्ये होते, बॅटरी वाया जाऊ नये म्हणून. "म्हणजे दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि चार अनोळखी माणसं अंधारात अंगाला हात लावतात. मी पण लाथ मारली असती, ताई." त्यांनी सकाळी खिडकीचा पडदा पूर्ण उघडायला सांगितले, घरून भिंतीवरचे घड्याळ आणायला लावले, आणि दर वेळी आत आल्यावर आधी वार सांगायचा, मग आपले नाव सांगायचे, मग अंगाला हात लावायचा, असा नियम मला आणि आयाबाईंना घालून दिला.

पहाटे सगळे शांत असताना मी त्यांना विचारले की गुऱ्हाळाची भाषा तुम्हाला कशी उमगली. त्या तक्ता भरता भरता म्हणाल्या की त्यांचे वडील चुलवाणावर होते, चिपाडे सारायला; गुळव्याचे नव्हे, गड्याचे काम. हंगामात घरी यायचे ते धुराने डोळे लाल झालेले असायचे. मग त्या हसून म्हणाल्या, "पण ते माहीत नसतं तरी चाललं असतं. भरलंय म्हणतायत ना, मग काय भरलंय ते बघायला नको?"

सकाळच्या हँडओव्हरला मी मुद्दाम जागी राहिले. नव्या पाळीच्या सिस्टरनी केसपेपर वाचून 'व्हायलंट पेशंट' असे म्हटल्याबरोबर आमच्या सिस्टरांनी त्यांना थांबवले. केसपेपरवरची नोंद खोडता येत नाही, खोडूही नये. पण त्यांनी त्या नोंदीखाली स्वतःची नोंद लिहिलेली होती आणि ती त्यांनी आबांच्या खाटेशी उभे राहून वाचून दाखवली. रुग्ण वेदनेमुळे घाबरलेला होता, लघवी काढल्यावर शांत झाला, हात बांधण्याची गरज नाही, श्रवणयंत्र व चष्मा लावून बोलावे. 'हिंसक' हा एक शब्द एकदा कागदावर गेला की तो पाळीपाळीतून पुढे जातो आणि प्रत्येक नवीन माणूस खाटेपासून हातभर लांब उभा राहतो. तो शब्द आणि माझे वडील यांच्यामध्ये त्या बाई अशा उभ्या राहिल्या.

परिचारिकांबद्दल लिहिताना 'सेवामूर्ती', 'ममतेचा झरा' असे शब्द आपल्याकडे फार लवकर येतात. १२ मे रोजी, नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, दिवे लावून ते शब्द उच्चारलेही जातात. मला ते शब्द आता पुरेसे वाटत नाहीत, थोडे गैरसोयीचेही वाटतात, कारण झऱ्याला कोणी 'तुझा अंदाज काय' असे विचारत नाही. त्या रात्री ममता माझ्याकडेही होती. डायपर हातात तोलून तो हलका आहे हे ओळखण्याची बुद्धी नव्हती.

या संदर्भात मला अरुणा शानबाग यांची आठवण होते. त्या स्वतः परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या आणि परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळले. त्यांना दयामरण द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयासमोर आली, तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ती फेटाळली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्त्यांपेक्षा त्यांची रोज काळजी घेणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्या निकालाच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलले गेले आहे, आणि मला स्वतःला त्यावर ठाम मत देता येत नाही. मला त्यातली वेगळी गोष्ट लक्षात राहिली आहे. एवढी वर्षे अंथरुणात काढूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हते, आणि त्यांना कोणते खाणे आवडते हे त्या परिचारिकांना माहीत होते. बोलू न शकणाऱ्या माणसाच्या आवडीनिवडी ठाऊक असणे म्हणजे काय, हे मी आबांच्या खाटेशी बसून थोडेसे पाहिले.

शय्याव्रणावरून आठवले, पुढच्या आठवड्यात सिस्टरांनी मला आबांना कुशीवर वळवायला शिकवले. दर दोन तासांनी, पायांमध्ये उशी ठेवून, ओढत नव्हे तर चादरीसकट उचलून, टाचा अधांतरी राहतील अशा बेताने. माझ्या पहिल्या प्रयत्नांना त्यांनी अजिबात दाद दिली नाही. भावाने फोनवरून 'त्या डॉक्टरांची तक्रार करू या' असा हट्ट धरला होता. सिस्टरांना विचारले तर त्या म्हणाल्या, तक्रारवहीत लिहायचे असेल तर नळी काढल्यानंतर लघवी मोजून लिहिण्याची पद्धत या मजल्यावर पक्की करा, असे लिहा. मी तसे लिहिले. त्याचे पुढे काय झाले ते मला कळले नाही.

घरी सोडण्याच्या दिवशी मी गावाहून मागवलेली काकवीची बरणी घेऊन गेले. सिस्टरांची सुट्टी होती. मी ती इन्चार्ज सिस्टरांकडे ठेवली आणि चिठ्ठीवर काय लिहावे हे न सुचल्याने फक्त आबांचे नाव आणि खाटेचा क्रमांक लिहिला.

आबा आता काठी घेऊन परड्यापर्यंत जातात. रुग्णालयातले त्यांना फारसे आठवत नाही. हात बांधलेले आठवत नाहीत, मला ढकललेले आठवत नाही, आणि मीही ते कधी सांगितलेले नाही. गेल्या महिन्यात जेवताना मात्र त्यांनी मध्येच ताटातला हात थांबवला आणि म्हणाले की दवाखान्यात असताना एका रात्री ते गुऱ्हाळावर गेले होते. गडी सगळे कुठे गेले होते कुणास ठाऊक, काहील वर आली होती, हाका मारून घसा बसला, आणि मग एक बाई आली. "बाईमाणसानं काहील उतरवलेली मी उभ्या जल्मात बघितली न्हवती," आबा म्हणाले. "पर उतरवली बग तिनं. येकटीनं."